सहा मशीन आणि १४ ऑक्टोबर : देवगडहून प्रकल्प नोंदी

१० मे २०२५, शनिवार

दुकानातल्या सहा गेमिंग मशीनचं काय करायचं ते १४ ऑक्टोबरच्या आत ठरवायला हवं. त्या दिवशी विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबतात. विंडोज ११ माझ्या एकाही मशीनला अधिकृतपणे चालत नाही. त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. माझी सगळ्यांत नवी मशीन चौथ्या पिढीची आहे.

हे दुकान २००७ साली सायबर कॅफे म्हणून सुरू केलं. रेल्वेची तिकिटं, दहावी-बारावीचे निकाल, मुंबईतल्या माणसांशी चॅटिंग यावर ते चालायचं. आता पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, मागच्या खोलीत खेळणारी पोरं. तासाला तीस रुपये. मे महिना आंब्याचा आणि सुट्टीचा, त्यामुळे खोलीत जागा नसते.

एक ते चार नंबरच्या मशीन सारख्या आहेत : आय५ २४००, एच६१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, २०१९ साली सेकंडहँड घेतलेली जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक कार्डं. सहा नंबर आय५ ४४६०, कार्ड तेच. पाच नंबर सगळ्यांत म्हातारी : कोर २ क्वाड क्यू६६००, ४ जीबी रॅम.

आय५ २४०० बाजारात आला जानेवारी २०११ मध्ये. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज त्याच्यासमोर बसून खेळतात. चौदा वर्षांचा प्रोसेसर पुरतो कसा, आणि ज्या दिवशी पुरत नाही तो दिवस नेमका कशामुळे उजाडतो, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. बजेट साठ हजार. अंदाजाने खर्च करायची ऐपत नाही, म्हणून ही वही.

११ मे

मोजायची पद्धत ठरवली. नुसती सरासरी फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतात ते, मोजून उपयोग नाही. ६० फ्रेम्स म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद. शंभरातली नव्याण्णव चित्रं वेळेत आली आणि एक ६० मिलिसेकंद अडलं, तर सरासरीत ते दिसत नाही, पोराला मात्र जाणवतं. तो म्हणतो, "काकानू, लॅग मारता." म्हणून दोन आकडे घ्यायचे : सरासरी, आणि सगळ्यांत वाईट एक टक्का. फ्रेमच्या वेळेसाठी कॅपफ्रेमएक्स, प्रोसेसरमधला कोणता कोर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग) किती राबतो ते बघायला आफ्टरबर्नर.

१८ मे, रविवार

दुकान बंद ठेवून दिवसभर मोजलं.

काउंटर-स्ट्राइक १.६ सगळीकडे पाण्यासारखा. तो २००३चा आहे, पाच नंबरलासुद्धा घाम येत नाही. जीटीए ५ एक ते चारवर व्यवस्थित. त्याला किमान काय लागतं त्या यादीत क्यू६६००चंच नाव आहे, म्हणजे २०१५ साली पीसीवर आलेल्या खेळाने २००७चा प्रोसेसर दारातून आत घेतला होता.

काउंटर-स्ट्राइक २ वर चित्र पालटलं. डस्ट २ हा मॅप, दहा बॉट (मशीनच चालवतं ते खेळाडू), सगळं लो. आय५ २४०० : सरासरी ९२, वाईट एक टक्का ३४. आय५ ४४६० : सरासरी १०८, वाईट ४७. दोन्हीकडे ग्राफिक कार्ड साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कार्ड हात बांधून वाट बघतंय आणि प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाही. स्मोक आणि बॉम्ब एकत्र फुटले की एक कोर ९९ वर जातो, बाकी तिघे पन्नास-साठवर.

ही गोष्ट दिवसभर पुन्हापुन्हा दिसली. चार कोर असून दमतो एकच.

२५ मे, रविवार

पाऊस आला, आणि वळीव नव्हे, खराच. हवामान खात्याने मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचल्याचं आज जाहीर केलं. मे संपायच्या आत! आंबा काढायचा राहिलाय त्यांचे हाल आहेत. शेजारच्या बागायतदारांकडे काल रात्रभर पेट्या भरत होते.

दुकानात छताखाली प्लास्टिक टाकलं. मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्या.

२६ मे

लाइट नाही.

८ जून

दोन आठवडे मोजमाप नाही. दुरुस्तीचीच कामं आली. खारी दमट हवा रॅमच्या पट्टीवर बसते, मशीन चालू होते पण स्क्रीन काळी राहते. रॅम काढायची, सोनेरी दात खोडरबराने पुसायचे, परत बसवायची. दहातल्या सात मशीन एवढ्यावर उठतात. लोक पावसाळ्यात मशीन झाकून बंद ठेवतात ते चूक आहे. रोज तासभर चालू ठेवली तर स्वतःच्या उबेने कोरडी राहते.

त्या निमित्ताने पाच नंबर पूर्ण खोलली. तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

क्यू६६०० मी २००८ साली घेतला. दुकानातली तेव्हाची सगळ्यांत महाग खरेदी. मी सगळ्यांना सांगत होतो की आता चार कोरांचा जमाना आला. आधार होता. २००४ साली पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झवर येऊन थांबला, ४ गिगाहर्ट्झचा इंटेलने रद्द केला. तापमान आणि वीज परवडेना. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनीही एका चिपवर दोन कोर दिले. घड्याळ, म्हणजे कोराचा वेग, वाढवता येत नसेल तर कोर वाढणार, मग खेळ ते वापरणारच, असं मला वाटलं.

खेळांनी वापरले नाहीत. निदान लगेच तरी नाही. बहुतेक खेळ एका कोरावर, काही दोनवर. उरलेले कोर वर्षानुवर्षं रिकामे बसून. क्रायसिस २००७चा, पण त्याची रचना एकेक कोर वेगवान होत जाईल या हिशेबाने झाली होती. म्हणूनच तो पुढच्या कितीतरी वर्षांच्या मशीनवरही अडखळत राहिला. त्या काळात शेजारच्या तालुक्यातल्या एका कॅफेवाल्याने ३ गिगाहर्ट्झचा दोन कोरांचा प्रोसेसर माझ्यापेक्षा स्वस्तात घेतला, आणि त्याच्याकडे तेच खेळ माझ्यापेक्षा चांगले चालायचे. तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं.

आणि ६४ बिटची गोष्ट तर याहून लांबली. एएमडीचा अथलॉन ६४ सप्टेंबर २००३ मध्ये आला. क्यू६६००सुद्धा ६४ बिटचाच, पण माझ्या मशीनवर कित्येक वर्षं ३२ बिटचं विंडोज एक्सपी. मीच का, सगळेच. ६४ बिटचं एक्सपी २००५ मध्ये आलं खरं, पण प्रिंटरचा ड्रायव्हर मिळायचा नाही, साउंड कार्डाचा मिळायचा नाही. फार क्रायसारख्या एखाद्या खेळाला ६४ बिटची आवृत्ती मिळाली, बाकीचे ३२वरच. ३२ बिटच्या खेळाला विंडोज साधारणपणे २ जीबी मेमरी वापरू देतं, खास सोय केली तर ६४ बिट विंडोजवर ४ जीबी. त्याच डब्यात सगळं कोंबायचं. २०१३-१४ मध्ये मोठे खेळ "६४ बिट नसेल तर येऊ नका" म्हणू लागले. प्रोसेसर आल्यापासून तोवर दहा वर्षं गेली होती.

१४ जून, शनिवार

भाच्याने विचारलं, "मामा, आठ कोर घेतले तर दुप्पट चालणार नाय?" त्याला रापण सांगितली.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर त्याने रापण बघितली आहे. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. ओढायला वीस माणसं असली काय, चाळीस असली काय, ओढणं लवकर होईल. पण होडी फिरून येईपर्यंत चाळीसही जण उभेच. तो वेळ होडीचा, माणसं वाढवून तो कमी होत नाही.

खेळातही तसंच. गोळी लागली का, लागली तर माणूस मेला का, मेला तर दार उघडलं का, ही साखळी क्रमानेच सोडवावी लागते. दार उघडायचं काम दुसऱ्या कोराला आधीच देता येत नाही, कारण गोळीचा निकाल लागलेला नसतो. धूर, आवाज, लांबची झाडं, माणसांच्या हालचाली ही वाटून द्यायची कामं.

वहीत हिशेब मांडला. समजा एका चित्राला एकट्या कोराला २० मिलिसेकंद लागतात. त्यातलं ८चं काम क्रमानेच करायचं, १२चं वाटता येतं. चार कोर : ८ अधिक ३, म्हणजे ११, सेकंदाला ९१ चित्रं. आठ कोर : ८ अधिक दीड, साडेनऊ, १०५ चित्रं. अगणित कोर दिले तरी ८ राहतातच, १२५च्या वर जाणार नाही. आता कोर चारच ठेवू, पण प्रत्येक दीडपट चपळ. ११ भागिले दीड, म्हणजे ७.३ मिलिसेकंद. १३६ चित्रं.

चार चपळ कोरांनी अगणित मंद कोरांना मागे टाकलं. हा नियम संगणकतज्ज्ञ जीन अमडाल यांनी १९६७ सालीच मांडून ठेवला आहे. भाचा बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे होडी बदलूक व्हयी." बरोबर.

माइनक्राफ्टचं जावा एडिशन याचं स्वच्छ उदाहरण. सर्व्हर सेकंदाला वीस वेळा जग पुढे ढकलतो, दर वेळी ५० मिलिसेकंदांची मुभा, आणि मुख्य काम एकाच धाग्यावर (एका वेळी एकाच कोरावर चालणारी कामाची रांग). पोरांनी मोठी यंत्रं बांधली की सोळा कोरांचा सर्व्हरही तिथेच अडतो.

५ जुलै

मुसळधार. गिऱ्हाईक नाही, वाचायला वेळ मिळाला.

आय५ २४०० इतका का टिकला, याचं उत्तर मला कन्सोलमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या मशीनमध्ये सापडलं. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. दोघांतही आठ कोर, पण एएमडीचे जग्वार जातीचे, स्वस्त लॅपटॉपसाठी बनवलेले, दोन गिगाहर्ट्झच्याही खाली चालणारे. मोठे खेळ कन्सोलसाठी लिहिले जातात आणि पीसीवर त्यांचीच आवृत्ती येते. जो खेळ त्या दुबळ्या कोरांवर बसला, तो माझ्या ३.१ गिगाहर्ट्झच्या चार दणकट कोरांवर बसणारच. आठ जणांचं काम चौघांनी उरकलं. कन्सोलच्या मेमरीने मात्र पीसीला पुढे ढकललं : ८ जीबी आल्याबरोबर ३२ बिटचे दिवस संपले. वर लिहिलेली २०१३-१४ची तारीख आभाळातून पडलेली नव्हती.

मग नोव्हेंबर २०२०मध्ये पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स. आठ झेन २ कोर, साडेतीन गिगाहर्ट्झ आणि वर. हे डेस्कटॉपच्या बरोबरीचे. पण पीएस४ कोट्यवधी घरांत होता, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं खेळ दोन्ही पिढ्यांसाठी येत राहिले. तेवढी वर्षं माझ्या आय५ला फुकट मिळाली. जुना कन्सोल सुटल्यावर एकदम भिंत लागली. पोरांनी माझ्याकडे "लॅग मारता" म्हणायला सुरुवात केली तीही साधारण तेव्हापासूनच.

खेळ लिहिणाऱ्यांनाही मी दोष देत नाही. खेळ विकणारं स्टीम दर महिन्याला लोकांच्या मशीनचा सर्व्हे छापतं. त्यात चार कोरवाले अजून भरपूर असतील तर त्यांना दार बंद करणं म्हणजे गिऱ्हाईक घालवणं. आणि जोवर दार उघडं आहे तोवर गिऱ्हाईक नवा प्रोसेसर कशाला घेईल? मी तरी घेतला का?

डायरेक्टएक्स १२, म्हणजे खेळाने ग्राफिक कार्डाशी बोलायची विंडोजमधली सोय, तिचंही असंच झालं. जुलै २०१५ला विंडोज १०बरोबर आलं. आधीच्या पद्धतीत कार्डाला कामं सांगणारा मुख्यतः एकच कोर असायचा, इथे ते काम अनेकांत वाटता येतं. पण बदल्यात, जे ओझं पूर्वी कार्डाचा ड्रायव्हर उचलायचा ते खेळ लिहिणाऱ्याच्या डोक्यावर आलं. ज्यांच्याकडे तेवढी माणसं होती त्यांनी केलं, बाकीचे ११वरच थांबले.

१९ जुलै

एक वेगळी नोंद. मंद प्रोसेसर आणि नकार देणारा प्रोसेसर या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रत्येक पिढीत प्रोसेसरला काही नवे हुकूम शिकवले जातात. एसएसई ४.१, मग एव्हीएक्स, मग एव्हीएक्स २. खेळात तो हुकूम वापरला आणि प्रोसेसरला तो कळत नसेल, तर खेळ हळू चालत नाही, बंदच पडतो. ऑगस्ट २०१६मध्ये नो मॅन्स स्काय आला तेव्हा एएमडी फेनॉमवाल्यांना तो उघडेना, कारण एसएसई ४.१. काही दिवसांत दुरुस्ती आली. २०१८ला असॅसिन्स क्रीड ओडिसीला सुरुवातीला एव्हीएक्स लागायचं, तेही नंतर काढलं. दोन्ही वेळा खेळच एक पायरी खाली उतरला. फार क्राय ४ २०१४ला दोन कोरांच्या प्रोसेसरवर काळी स्क्रीन दाखवायचा. तिथे लोकांनी स्वतःच वाटा शोधल्या.

माझ्याकडे : क्यू६६००ला एसएसई ४.१ नाही. आय५ २४००ला एव्हीएक्स आहे, एव्हीएक्स २ नाही. ४४६०ला दोन्ही. हे त्या त्या मशीनच्या कॅबिनेटवर मार्करने लिहून ठेवलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

मासेमारीची बंदी ३१ जुलैलाच उठली, तरी बऱ्याच होड्या आज नारळ दिल्यावरच बाहेर. संध्याकाळी बंदरावर जाऊन आलो. काम नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

जुनी मशीन पुरत नाही तो दिवस आज दुकानात प्रत्यक्ष बघितला.

एका नव्या युद्धखेळाची खुली चाचणी चालू आहे. बारावीतल्या एका पोराने दोन रात्री माझ्या फायबरवर तो उतरवला, सहा नंबरवर. मित्रांना बोलावून आणलं. उघडला, आणि पाटी आली की सिक्युअर बूट चालू नाही. "काकानू, हो गेम उघडणा नाय." बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून बघितलं, माझ्या त्या बोर्डावर तो पर्यायच नाही. पोराचा चेहरा बघवेना. तासाचे पैसे घेतले नाहीत.

प्रोसेसर मंद आहे म्हणून नव्हे हं. खेळातली फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला खात्री हवी असते की विंडोज सुरू होताना मध्ये कुणी काही घुसवलेलं नाही, आणि ती खात्री नवी मशीनच देऊ शकते. फसवणूक करणाऱ्यांनी खेळाचा विचका केलाय हे मी रोज बघतो, त्यामुळे मागणी मला पटते. पण चौदा वर्षांत वेगाने जे केलं नाही ते एका खिट्टीने केलं.

जुगाडाचाही विचार केला. आय५ २४००वर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येतं. पण व्हॅलोरंट विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. म्हणजे जो खेळ आज १०वर चालतोय तोच जुगाडाच्या ११वर बंद होईल. हा रस्ता खोडला.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती. घरी पाच दिवस, दुकान नावापुरतं. चाकरमानी सगळे आलेत, आरतीनंतर पोरं खोलीत.

डोंबिवलीचा पुतण्या बाराव्या पिढीचा आय५ १२५००एच असलेला लॅपटॉप घेऊन आला. "काकानू, बारा कोर आसत ह्येका!" चार मोठे आणि आठ छोटे. त्याच्यावर काउंटर-स्ट्राइक २ मोजला आणि कामाची वाटणी बघितली. मोठे चार राबत होते, छोटे आठ बारीकसारीक उचलत होते. जूनमधला हिशेब डोळ्यांसमोर चालताना दिसला.

ही मोठे-छोटे पद्धत इंटेलने डेस्कटॉपवर नोव्हेंबर २०२१ला आणली तेव्हा काही डझन जुने खेळ उघडेनात. त्यांच्या चोरीविरोधी कुलपाला छोटे कोर म्हणजे दुसरंच मशीन वाटायचं. उपाय निघाला तो विलक्षण : बायोसमध्ये एक पर्याय चालू करायचा, मग स्क्रोल लॉक दाबलं की छोटे कोर झोपतात. कित्येक वर्षं कुणी हात न लावलेलं ते बटण शेवटी इथे उपयोगी आलं.

भाच्याने आणखी एक प्रश्न काढला : एएमडीचा ५८००एक्स३डी घड्याळात ५८००एक्सपेक्षा मंद असूनही खेळात पुढे कसा? वहिनी मोदकांचं सारण करत होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवलं. मिसळणाचा डबा चुलीशेजारी असला की हात थांबत नाही. डबे माळ्यावर असले तर कितीही झपाझप काम करणारी बाई असो, शिडीवरच वेळ जातो. त्या प्रोसेसरला एप्रिल २०२२मध्ये ३२ऐवजी ९६ एमबीचा डबा, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जवळची मेमरी, मिळाली. खेळाची माहिती मेमरीत विखुरलेली असते, म्हणून तिथे फरक पडतो.

७ सप्टेंबर, रविवार

निर्णय. तीन दिवस यावरच घासाघीस.

पहिला पर्याय : एच६१ बोर्डांवर सेकंडहँड आय७ ३७७०. स्वस्त. चार कोर, आठ धागे, वाईट एक टक्का नक्की सुधारेल. पण विंडोज ११ आणि सिक्युअर बूटचं दार बंदच राहील. खोडला.

दुसरा : नवा रायझन ५ ५६००. माझ्या मनात हाच होता. होडीच बदलणारा प्रोसेसर. बोर्ड, १६ जीबी रॅम, एसएसडी, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट धरून कार्डाशिवाय सत्तावीस हजारांच्या आसपास. साठ हजारांत दोन मशीन.

तिसरा : कंपन्यांतून निघालेल्या ऑफिसच्या मशीन, आय५ ८५००. २०१८चा, सहा कोर, ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. टीपीएम आहे, सिक्युअर बूट आहे, विंडोज ११च्या यादीत आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर साडेतेरा हजारांना एक. माझी १०५० टीआय कार्डं ७५ वॉटच्या आतली, वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या एसएमपीएसवर चालतील.

तीन घेतल्या. साडेचाळीस हजार. प्रत्येकीला आणखी एक ८ जीबीची पट्टी, साडेचार हजार. ट्रॅव्हल्सचं भाडं दीड हजार. उरलेल्यात इन्व्हर्टरची बॅटरी, जी प्रोसेसरइतकीच महत्त्वाची आहे. सात वर्षांपूर्वीचा प्रोसेसर २०२५मध्ये "नवा" म्हणून आणतोय, आणि हा निर्णय मला योग्य वाटतो. दोन खुर्च्यांवर उत्तम आणि चारांवर काहीच नाही, यापेक्षा तीन खुर्च्यांवर दार उघडं असलेलं बरं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे ट्रॅव्हल्सच्या डिकीतून तिन्ही आल्या. एकीला आधीच्या मालकाचा बायोस पासवर्ड तसाच. दुकानदाराने फोनवर हात वर केले. बोर्डावरच्या पासवर्डच्या जंपरने निघाला, अर्धा दिवस गेला. तिन्ही डिस्क जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या होत्या. त्या जीपीटी या नव्या पद्धतीत बदलल्याशिवाय सिक्युअर बूट चालू होत नाही. तेही केलं.

२० सप्टेंबर, शनिवार

डस्ट २, दहा बॉट, तेच सेटिंग.

आय५ ८५००, एकच रॅमची पट्टी : सरासरी १११, वाईट ४६. दोन पट्ट्या : सरासरी १२१, वाईट ६१. दुसऱ्या पट्टीने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. दोन वाटांनी मेमरीकडे जाता येतं, त्याचा हा परिणाम. ऑफिसची मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला हे सांगणार आहे, कारण त्यात बहुतेकदा एकच पट्टी असते.

कार्ड आता ९७ टक्के. म्हणजे वाट बघणारा बदलला, आता प्रोसेसर कार्डासाठी थांबतोय.

३४चे ६१ झाले. पोरांना आकडे सांगितले नव्हते. शाळा सुटल्यावर आलेली पहिली तुकडी सरळ त्या तीन खुर्च्यांवर बसली, उठेचना.

१० ऑक्टोबर

ऑगस्टमध्ये चाचणीला आलेला तो युद्धखेळ, बॅटलफील्ड ६, आज बाजारात आला. किमान यादीत प्रोसेसर आय५ ८४००, म्हणजे माझा ८५०० उंबरठ्याच्या आत. कार्ड मात्र आरटीएक्स २०६०, तिथे १०५० टीआय पुरत नाही. पुढच्या आंब्याच्या मोसमानंतर बघू.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चार आणि सहा नंबरला विंडोज १०ची वर्षभराची वाढीव मुदत घेतली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पाच नंबरची नेटची वायर काढली. तिच्यावर फक्त १.६ आणि दुकानातल्या दुकानात मॅच.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

जुन्या एक-दोन-तीनचे बोर्ड कोपऱ्यात पडून होते. आयटीआयला जाणारा बंदरावरचा एक पोरगा आला. घरी दोन कोरांचा पेंटियम, त्यात काकाने मुंबईहून पाठवलेलं जीटी १०३० कार्ड. काउंटर-स्ट्राइक २ला चार धागे लागतात. त्याच्याकडे मॅप उघडेपर्यंत पहिला राउंड संपलेला असायचा.

एक नंबरचा आय५ २४००, बोर्ड आणि ८ जीबी रॅम तीन हजारांना दिली, दोन हप्त्यांत. नवी पेस्ट लावली, रॅमचे दात पुसले, वाढीव मुदत कशी घ्यायची ते दाखवलं. त्याने खोका स्कूटरच्या मागे जाळ्याच्या दोरीने बांधला. जाताना विचारलं, "काकानू, किती वर्सा चलात?"

दोन तरी, असं म्हणालो.

रात्री साडेदहाला त्याचा फोन. मागून गोळ्यांचा आवाज, आणि त्याच्यावर त्याच्या आईचा. आकाशकंदील अर्धा बांधून तसाच टाकला होता.